झाकणावरचं नाव

"नाव झाकणावर लिहा," मी म्हणाले. "मार्करनं, ठळक, आडनावासकट."

पेशी वाढवायच्या प्लेटी पुढ्यात घेऊन बारा जण माना खाली घालून लिहायला लागले. म्हणजे अकरा जण. बारावीनं मार्कर उघडला आणि तशीच थांबली.

"झाकणावर? तळावर नको का मॅडम?"

"झाकणावर."

"नाही, म्हणजे टोपण बदलतं ओ. मी मिरजेला पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन वर्षं काढलीत. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, टोपणावर नाव लिहिलंस तर एकाची कावीळ दुसऱ्याला लागेल."

सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "इथं कुणाला कावीळ नाही. लिहा झाकणावर."

तिनं लिहिलं. तहसीन अत्तार. मिरजेजवळच्या एका कॉलेजात शिकवायची, वय असेल सव्वीस-सत्तावीस. कॉलेजनं तिला पंधरा दिवसांची रजा देऊन पाठवलं होतं, ते एवढ्याचसाठी, की परत येऊन तिनं तिथं पेशी वाढवायची एक छोटी खोली उभी करावी. खोली रिकामी करून, चुना मारून ठेवली आहे, असं तिनं पहिल्याच चहाला मला सांगून टाकलं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. मीच काय, आमच्या लॅबमधल्या झाडूवाल्या मावशींनाही माहीत होतं. मी त्याच्या सहा वर्षं आधी हेरवाडकर सरांकडे पीएचडीला आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात माझी प्लेट त्यांनी उचलली, झाकणावर माझं नाव पाहिलं आणि माझ्यादेखत ती कचऱ्यात टाकली. "पत्ता घरावर लिहितात, अनुजा, छत्रीवर नाही," म्हणाले. त्यानंतर माझा हात आपोआप प्लेटच्या तळाकडे जायचा. घरी लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावतानाही मी ती बुडाला लावायचे.

आणि आता तेच सर म्हणाले होते, या वेळी झाकणावर लिहायला सांग. मी का म्हणून विचारलं. "नवशिके आहेत. तळाला शाई फासून ठेवतील आणि मग मायक्रोस्कोपखाली दिसत नाही म्हणून तुझ्याच नावानं बोंबलतील." हे काही मला पटलं नव्हतं. पण माझा प्रबंध दिवाळीपासून त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात पडून होता. परदेशात एका चांगल्या प्रयोगशाळेत मला जागा मिळाली होती आणि मार्चअखेरपर्यंत प्रबंध सादर झाला नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. सरांची एक सही. दर सोमवारी मी विचारायचे, दर सोमवारी ते "बघतो" म्हणायचे. फेब्रुवारी सरत आला होता. अशा वेळी माणूस झाकण की तळ यावरून वाद घालत बसत नाही.

कार्यशाळेचं नाव होतं 'उद्याचे मूलपेशी वैज्ञानिक'. फलक दारावर लावला होता, त्यावर सरांचा फोटो उद्याच्या वैज्ञानिकांपेक्षा मोठा. मूलपेशी म्हणजे शरीरातल्या अशा पेशी, ज्यांनी पुढं काय व्हायचं ते अजून ठरवलेलं नसतं. त्यांना योग्य ते खाऊ घातलं, योग्य त्या दिवशी योग्य ते थेंब दिले, तर त्यांच्या हृदयाच्या पेशी होतात. आणि बाराव्या-तेराव्या दिवशी त्या प्लेटमध्ये आपल्याआप धडधडायला लागतात. कुणी न सांगता. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा रडले होते, खोटं कशाला सांगू. कार्यशाळेत प्रत्येकानं स्वतःच्या हातानं हे करायचं होतं. तेराव्या दिवशी दिल्लीहून तीन पाहुणे येणार होते. त्यांनी मान डोलावली की आमच्याकडे कायमचं प्रशिक्षण केंद्र होणार आणि सर त्याचे प्रमुख.

त्या बारा जणांना ज्या पेशी दिल्या, त्या मीच फ्रीजरमधून काढल्या होत्या.

पेशी वाढून प्लेट भरली की त्यांना सोडवून नव्या प्लेटमध्ये घालतात. असं किती वेळा झालं, त्याचा आकडा नळीवर लिहिलेला असतो. तिशी-चाळिशीपर्यंत ठीक. त्यापुढं त्या म्हाताऱ्या होतात, बिघडतात, काही केल्या धडधडत नाहीत. सरांनी मला ज्या नळ्या काढायला सांगितल्या त्यांच्यावर ब्याण्णव होतं. त्या टाकायच्या म्हणून कोपऱ्यात ठेवल्या होत्या.

"सर, या तर टाकायच्यात."

"शिकाऊ लोकांना चांगल्या पेशी कशाला? ते नासवणारच आहेत. आणि तू एक कर, आपल्या चांगल्या पेशींच्या बारा प्लेटी त्याच दिवशी सुरू कर. असू देत हाताशी."

लग्नात उरलेलं शिळं-पाकं दारावर आलेल्याच्या ताटात घालावं आणि वर त्याच्या घासाकडे बघत उभं राहावं, तशातला प्रकार. मला त्याच वेळी शिसारी यायला हवी होती. आली नाही. मी बारा चांगल्या प्लेटी सुरू केल्या, आतल्या खोलीत ठेवल्या आणि सवयीनं प्रत्येकीच्या तळावर लिहिलं, अ. ठि. म्हणजे मी, अनुजा ठिपसे.

पाचव्या दिवसापासून बाहेरच्या प्लेटी मरायला लागल्या. पेशी गोळा होऊन सुटायच्या, वर तरंगायच्या. विट्याचे ढगे सर म्हणून एक प्राध्यापक होते, पन्नाशीचे, ते म्हणाले, "आमच्या हाताला यश नाही बघा," आणि बाहेर जाऊन तंबाखू चोळत बसले. बाकीच्यांनीही तसंच काहीतरी मनाशी धरलं. एकटी तहसीन रोज सकाळी सातला येऊन दारात उभी राहायची. रविवारी सुट्टी दिली होती, तरी आली.

"आज कोण खायला घालणार त्यांना?" म्हणाली.

मी कुलूप उघडलं. तिनं हात धुतले, हातमोजे घातले आणि प्लेट अशी उचलली की आतलं पेशींच्या खाण्याचं गुलाबी पाणी हललंसुद्धा नाही. मी सहा वर्षं पाहत आले होते, असा हात माझा नव्हता. सरांचा तर नव्हताच. ते नाकानं कांदे सोलायचे, पण पिपेट धरून त्यांना दहा वर्षं झाली होती.

"तान्ह्या मुलांचं रक्त काढायचे ना मी," ती म्हणाली. "ती हलतात. म्हणून आपण हलायचं नाही." मग प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवून बराच वेळ बघत राहिली. "मॅडम, या पेशी कितव्या आहेत ओ? म्हणजे किती वेळा वाढवलेल्या?"

"का?"

"म्हाताऱ्या वाटतात. पुस्तकातल्या फोटोत कडा कशा रेखीव असतात. या विस्कटल्यात."

"पस्तिसावी वेळ आहे," मी म्हणाले.

"मग माझाच हात चुकत असणार," ती म्हणाली आणि जराही चिडली नाही. वहीत लिहून घेतलं, पस्तीस. त्या दिवसापासून ती पेशींना निम्मं पाणी बदलून द्यायला लागली. सगळं एकदम बदललं तर त्यांना सोसत नाही, असं तिचं तिनंच ठरवलं. मेलेल्या एकेक करून काढायची, जिवंत होत्या त्यांना धक्का लागू द्यायची नाही. मी तिला हे शिकवलं नव्हतं. मी काहीच शिकवलं नव्हतं म्हणा, खोटं बोलण्यापलीकडे.

तेराव्या दिवशी पाहुणे तीनला येणार होते. दुपारी सगळ्यांना कँटीनमध्ये श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. बारा जण जेवायला गेले आणि सर आतल्या खोलीत आले. हात मागं बांधून उभे राहिले.

"झाकणं बदल," म्हणाले.

"कसली झाकणं?" मी विचारलं.

"त्यांच्या प्लेटींची झाकणं काढ, आपल्या प्लेटींवर ठेव. जुन्या ओतून टाक. वीस मिनिटांचं काम आहे, चेहरा कशाला पाडतेस? त्यांना आनंद होईल, पाहुण्यांना आनंद होईल. कुणाचं काय जातंय?"

"सर, पण त्यांना वाटेल की आपण..."

"वाटू दे की. आत्मविश्वास वाढतो. तुझा प्रबंध वाचून झालाय माझा, परवा रात्रीच संपवला. चांगला आहे." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "मी पाहुण्यांना घ्यायला फाटकावर जातो. तू आटप."

गेले. एवढंच बोलले. धमकी नाही, आवाज चढवणं नाही, काही नाही. आजही मला त्या माणसाचा राग येतो तो याचा, की त्यानं मला नाही म्हणायला साधी जागासुद्धा ठेवली नाही. आणि स्वतःची किळस येते ती याची, की मी जागा शोधलीही नाही.

बादलीत ब्लीच घातलेलं होतं. त्या वासानं नाक झोंबत होतं. एकेक झाकण काढायचं, आतल्या चांगल्या प्लेटीवर ठेवायचं, जुनी प्लेट बादलीत उपडी करायची. आतलं गुलाबी पाणी ब्लीचमध्ये पडलं की क्षणात पांढरं होतं. ढगे, भोईटे, कुलथे, राऊळ. तहसीनची प्लेट शेवटची होती. उचलली तेव्हा दिसलं, तळाच्या कडेला बारीक अक्षरात तिनं नाव लिहिलंच होतं, आणि तारीख. झाकणावर लिही म्हटलं म्हणून तिथं लिहिलं, आणि खरं नाव जिथं लिहायचं तिथंही लिहिलं. तिची प्लेट ओतायला मला जरा वेळ लागला, मिनिट-दीड मिनिट. मग ओतली.

पाहुणे आले. बारा प्लेटी ओळीनं मांडल्या होत्या, मायक्रोस्कोपचं चित्र मोठ्या पडद्यावर. पहिली ढगे सरांची लावली. पडदाभर पेशी धडधडत होत्या. ढगे सर उभे होते ते मटकन खुर्चीत बसले. "अहो, सकाळपर्यंत तर..." म्हणाले. दुसरी लावली, तिसरी लावली. टाळ्या पडायला लागल्या. लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. सर इंग्रजीत पाहुण्यांना सांगत होते की तेरा दिवसांपूर्वी या मंडळींनी पिपेट हातात धरलेलं नव्हतं.

तहसीनची पाळी आली. तिची प्लेटही धडधडत होती, सगळ्यांत जोरात. ती पडद्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पुढं होऊन तिनं प्लेट मायक्रोस्कोपवरून उचलली, अलगद, पाणी न हलवता, डोळ्यांच्या वर धरली आणि खालून पाहिली.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

सर हसले. "अहो, झाकणावर तुमचंच नाव आहे की."

"झाकण माझंय सर. प्लेट माझी नाही. माझ्या तळावर माझं नाव आहे आणि तारीख आहे. इथं अ. ठि. लिहिलंय." आणि ती माझ्याकडे वळली. आवाजात आरोप नव्हता, मदत मागितल्यासारखं म्हणाली, "मॅडम, हे तुमचं अक्षर ना?"

सहा वर्षांची सवय. सरांनीच लावलेली. स्पिरिटच्या एका बोळ्यानं बाराच्या बारा पुसता आली असती, पण माझ्या हाताला ती अक्षरं इतकी अंगवळणी पडली होती की ती मला दिसलीच नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. एका पाहुण्यानं सरांना विचारलं, काय म्हणतायत या? सर माझ्याकडे वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अनुजा, हा काय प्रकार आहे?"

त्यांनी ते माझ्यावर सोडलं. मी काय बोलेन याची त्यांना खात्री होती. माझी मला नव्हती, त्यांना होती.

"सर," मी म्हणाले, "आतल्या खोलीतली माझी एक प्लेट सकाळपासून सापडत नव्हती. ती हीच. यांची प्लेट बहुतेक मेली असावी, म्हणून यांनी..." पुढचं बोलावं लागलं नाही. लोकांनी आपापल्या मनात पुरं केलं.

तहसीनला कळायला वेळ लागला. तिनं प्लेट आधी नीट जागेवर ठेवली. मग म्हणाली, "मी? मी कशाला घेईन मॅडम? मी चोरली असती तर मी स्वतःच कशाला सांगितलं असतं?"

साधा हिशोब होता. शेंबड्या पोरालाही समजला असता. त्या खोलीत तीन मोठे पाहुणे होते, अकरा शिक्षक होते, एक हेरवाडकर होते. कुणाला समजला नाही. ढगे सर तेवढे हळूच टेबलाशी गेले. स्वतःची प्लेट दोन बोटांनी उचलली, खालून पाहिली. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मग प्लेट होती तशी ठेवली आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले. संध्याकाळी प्रमाणपत्र घेताना त्यांनी फोटोसाठी दोनदा मान वळवली.

"होतं असं, उत्साहाच्या भरात," सर पाहुण्यांना म्हणाले. "तरुण आहेत. आम्ही योग्य ती समज देऊ." आणि पुढची प्लेट लावली.

अकरा प्रमाणपत्रं वाटली. बारावं सरांनी फाईलमध्येच ठेवलं. तिच्या कॉलेजला एक पत्र गेलं, ते मीच टाईप केलं.

तहसीन निघताना धुण्याच्या खोलीत आली. मी हात धूत होते. बराच वेळ धूत होते. खांद्याला बॅग, हातात ती वही. मला वाटलं आता शिव्या देईल, निदान रडेल. मला ते हवं होतं, मला बरं वाटलं असतं. ती दारातच उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही असं का केलंत ते मी विचारत नाही. तुमचं काहीतरी असेल अडलेलं. एकच सांगा मला. ओतायच्या आधी तुम्ही बघितली होती का माझी प्लेट?"

"हो."

"काही होतं का तिच्यात? एवढंसं तरी?"

तिच्या मागं बादली होती, झाकलेली. नळ चालू होता.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नव्हतं. सगळ्या मेल्या होत्या."

तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली. "म्हणजे हातच माझा नाही. कळलं ते बरं झालं. उगीच खोली अडवून बसले असते." माझ्या चालू राहिलेल्या नळाकडे बघून म्हणाली, "पाणी वाया जातंय मॅडम," आणि गेली.

तासाभरानं सरांनी बोलावलं. प्रबंध टेबलावर होता. पहिल्या पानावर त्यांनी सही केली, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि माझ्याकडे सरकवला.

"आता तू तयार झालीस," म्हणाले. खरंच कौतुकानं म्हणाले. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेली मी एकटीच.

केंद्र मंजूर झालं. मी बाहेर जाऊन आले, नाव झालं, आज माझी स्वतःची लॅब आहे आणि सात विद्यार्थी आहेत. पहिल्या दिवशी मीही त्यांना सांगते, नाव तळावर लिहा. ते मान डोलावतात, आमच्या मॅडम किती काटेकोर म्हणून.

गेल्या वर्षी मिरजेहून परीक्षेसाठी आलेल्या एका बाईंना मी सहज विचारल्यासारखं करून तहसीनबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, हो, आहे ना अत्तार. कॉलेज कधीच सोडलं. लॅबमध्ये रक्त काढते. तान्ही बाळं असली की डॉक्टरच सांगतात, थांबा, तहसीन येऊ दे. लोक तासतास थांबतात तिच्यासाठी. पेशींचं काही करत होती का पूर्वी? छे, तसलं काही नाही बोलत कधी.

तेव्हा हे आता सांगून टाकते. त्या दुपारी सर फाटकावर गेले होते, खोलीत मी एकटी होते. तिच्या तळावरचं नाव दिसलं, म्हणून ओतण्याआधी मी तिची प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. मधलं सगळं मेलेलं होतं. पण एका कडेला, तिच्या नावाच्या 'त'च्या अगदी जवळ, मोहरीएवढा एक ठिपका होता. ब्याण्णव वेळा वाढवलेल्या, टाकून द्यायच्या पेशी. मी स्वतः त्यांच्याकडून कधी काही करून घेऊ शकले नसते, सरांनी तर नाहीच.

तो धडधडत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. मिनिटाला एक्केचाळीस. मग मी प्लेट उचलली आणि बादलीत उपडी केली.